आधी हवा, मग नक्षी

अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये इलेक्ट्रिक गिटार घडवायला घेणाऱ्याला पहिला मोह पडतो तो परदेशी मेपलच्या टॉपचा, म्हणजे वरच्या फळीचा. या लाकडाचे तंतू कधीकधी सरळ न वाढता लाटांसारखे वळतात. त्यांची दिशा बदलते तसा प्रकाश कुठे परततो, कुठे मुरतो आणि गिटार हलली की पट्टे सरकताना दिसतात. हे सौंदर्य खरं आहे. पण त्यामुळे आवाज खुलतो, ही समजूत टिकत नाही. भरीव गिटारचा आवाज मुख्यतः पोलादी तारा आणि त्यांच्याखालचे चुंबकीय पिकअप घडवतात. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारला १९५२ पासून मेपलचा टॉप होता, तोही सोनेरी रंगाखाली झाकलेला. १९५८मध्ये पारदर्शक रंग आला तेव्हा कुठे लाकूड दिसू लागलं. मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे वरची लाकडी तबली स्वतः कंप पावते, म्हणून तिथलं लाकूड कानानेच निवडायला हवं.

गिटारच्या टॉपची निवड मग कशावर करायची? माझ्या मते आपल्या हवेवर. जूनमध्ये लाकूड ओल पितं, आडवं फुगतं, थंडीत आकसतं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वाढचक्रांच्या दिशेने हार्ड मेपल सुमारे १० टक्के आकसतं, सागवान सहा टक्क्यांच्या आतच. मुंबईसाठी हा फरक मोठा आहे. शिवाय जोगेश्वरीत, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात, वर्षानुवर्षं याच हवेत मुरलेल्या सागवानाच्या फळ्या शोधता येतात. जुनं लाकूडही हलतंच, पण ओल्या लाकडासारखा दगा सहसा देत नाही. खिळ्यांची भोकं आणि चिरा मात्र उजेडात नीट पाहून घ्याव्यात.

सागवान तेलकट, त्यावर सरस धरत नाही, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसला की अडचण बरीच दूर होते. सागवानाच्या गडद रेघा मेपलसारख्या प्रकाशात सरकत नाहीत, हा आक्षेप अधिक वजनदार. ज्याला तीच झळाळी हवी, त्याने जाड मेपल न मागवता वाळलेल्या, स्थिर लाकडावर अर्ध्या मिलिमीटरचं मेपल विनिअर चढवावं. मात्र मधोमध जोडायची विनिअरची दोन्ही पानं एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेली मागावीत; नाहीतर मधल्या सांध्यावर नक्षी जुळणार नाही.