झुरळ गेलं, दमा राहिला
आपली प्रतिकारशक्ती : लेखांक ७

ॲलर्जीच्या तपासणीत डॉक्टर हाताच्या आतल्या बाजूवर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ओळीने ठेवतात: धुळीतले माइट्स, बुरशी, परागकण, झुरळ. प्रत्येक थेंबातून त्वचेला बारीक टोच मारायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. झुरळाच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांध उठली आणि नुसत्या सलाइनच्या टोचेपेक्षा ती निदान ३ मिलिमीटरने मोठी भरली, तर चाचणी पॉझिटिव्ह. एवढ्या झटपट गांध उठते, कारण शरीराची तयारी आधीच झालेली असते. ती कशी होते ते आज पाहू.

झुरळाची विष्ठा, लाळ, कात आणि मेल्यावर होणारा अंगाचा चुरा धुळीत मिसळतो. त्यातली काही प्रथिनं पाचक एन्झाइम्स असतात. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात. ही एन्झाइम्स नेमक्या त्या सांध्यांवर घाव घालतात. दुखावलेलं अस्तर आयएल-३३, टीएसएलपी असे रासायनिक इशारे सोडतं. मग डेंड्रिटिक पेशी ते प्रथिन उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशी जंतांशी लढायच्या जुन्या वळणाला लागतात. त्यांच्या सांगण्यावरून बी पेशी आयजीई हे प्रतिपिंड बनवतात. इशिझाका दांपत्याने अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९६६ च्या सुमारास शोधलेलं ते हेच.

आयजीई मास्ट पेशींवर ठाण मांडून बसतं. पुढच्या वेळी झुरळाचं प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं की मास्ट पेशी हिस्टामिन ओतते. शिंका, खाज, घरघर काही मिनिटांत सुरू होते. आईवडिलांनी खरं लक्ष द्यावं ते यानंतरच्या टप्प्याकडे. काही तासांनी इओसिनोफिल पेशी जमतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. संध्याकाळी बरं वाटणारं मूल मध्यरात्री धापा टाकतं, त्यामागे बरेचदा ही उशिरा येणारी सूज असते. रोजच्या इनहेलरमधलं स्टिरॉइड तिच्यावरच काम करतं. घरघर थांबली म्हणून ते परस्पर बंद करू नका.

झुरळांचा वाटा किती मोठा आहे हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली दमा असलेली ४७६ मुलं त्यात होती. जवळपास निम्म्या मुलांच्या झोपायच्या खोलीत झुरळांचं ॲलर्जन भरपूर सापडलं. ज्या मुलांना झुरळाची ॲलर्जी होती आणि खोलीत ॲलर्जनही जास्त होतं, त्यांना रुग्णालयात दाखल करायची वेळ इतरांच्या ३.४ पट आली. माइट्स आणि मांजरांबाबत असं नातं दिसलं नाही.

आपल्याकडे अशा मुलाच्या आईला अस्वच्छतेवरून ऐकवलं जातं, त्याचा मला राग येतो. चाळीत आणि जुन्या इमारतीत झुरळं सामाईक सांडपाण्याच्या पाइपातून, डक्टमधून, शेजारच्या भिंतीच्या फटीतून येतात. एका घराने कितीही घासलं तरी ती थांबत नाहीत.

कोळंबीबद्दलही सांगायला हवं. ट्रोपोमायोसिन हे स्नायूंमधलं प्रथिन झुरळ, माइट आणि कोळंबी यांच्यात बरंच सारखं असतं. त्यामुळे झुरळाची ॲलर्जी असलेल्याची कोळंबीची चाचणीही कधीकधी पॉझिटिव्ह येते. आजवर कोळंबी खाऊन काहीच झालं नसेल, तर नुसत्या कागदावरून ती ताटातून काढू नका. डॉक्टरांशी बोलून ठरवा. खाल्ल्यावर ओठ सुजत असतील किंवा अंगावर पित्त उठत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नका.

झुरळं मेली तरी त्यांचं ॲलर्जन धुळीत, गाद्यांत महिनोन्‌महिने टिकतं. त्याचे कण जड असतात. एरवी खाली बसून राहतात आणि केरसुणीने झाडलं की उडतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा, चादरी आणि उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा. फवाऱ्याने दमा उसळू शकतो, तेव्हा जेल वापरा आणि ते मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फटींत, सिंकखाली, सिलिंडरमागे लावा. न्यू ऑर्लिन्समधल्या दमेकरी मुलांच्या घरी वर्षभर अशी विषारी आमिषं ठेवली, तेव्हा झुरळं घटली आणि मुलांचा त्रासही कमी झाला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जेल शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात लावलं तर उत्तम.