दहा बाय पंधराची मांडणी

बैठ्या चाळीतील घर दुरुस्त करावयाचे ठरले की पहिला सल्ला पोटमाळ्याचा मिळतो. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमच्या घराबाबतही तेच झाले. खोली दहा बाय पंधरा फूट. दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, दार पुढे, मोरी मागे, डोक्यावर सिमेंटचे पत्रे. माणसे पाच : आईवडील, मी, पत्नी आणि दहावीतील पुतणी.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) राहत्या खोलीला किमान ९.५, स्वयंपाकघराला ५ आणि न्हाणीला १.८ चौरस मीटर जागा हवी. फुटांत मोजल्यास सुमारे १०२, ५४ व १९; बेरीज १७५. आमचे घर १५० चौरस फुटांचे. जे किमान म्हणून ठरले आहे तेही येथे मावत नाही. अशा घरात प्रत्येक कामाला स्वतंत्र जागा देणे अशक्य असते. एकाच जागेवर कोणत्या वेळी कोणाचा हक्क, एवढेच ठरविता येते. म्हणून मांडणीचा प्रश्न हा घरातील सत्तेचाही प्रश्न असतो.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आठवावे. डबक चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुढे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा एक अभ्यासासाठी राखली गेली. पहिल्या घरात जागा नव्हती. बापाने आपली झोप दिली. आज आपल्या घरांत मुलीसाठी कोण काय देतो?

आमच्या घरी मोरी हलविली नाही. सांडपाण्याचा उतार मागच्या गटाराकडे आहे, जागा बदलली तर सारी फरशी उचलावी लागते. तिला मात्र चार बाय साडेचार फुटांची पूर्ण उंचीची भिंत व दार दिले. साडीच्या आडोशाने, उजाडण्यापूर्वी अंघोळ उरकण्याची बायकांची सक्ती त्याने संपली. ओटा मोरीलगत आला. पाणी जवळ आणि धूर मागच्या जाळीतून बाहेर. माळा केवळ सामानापुरता, ओट्याच्या वर. पत्र्याखाली वैशाखात माणूस झोपवू नये. कपाटासाठी सामाईक भिंत कोरली नाही. ती शेजाऱ्याचेही छप्पर पेलते. मधला एक पत्रा पारदर्शक बसविला, दिवसा दिवा लावावा लागत नाही.

खरा वाद खिडकीचा झाला. तेथे वडिलांची खाट होती. ती आतल्या भिंतीला सरकवून खिडकीखाली बिजागरीची फळी बसवावयाची, आणि सात ते दहा टीव्ही बंद, असे ठरले. वडील चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खाटेचे एक टोक त्यांनीच धरले.

वस्तीतील बांधवांनी गवंडी बोलावण्यापूर्वी एक कागद घ्यावा. कोण, कोठे, किती वेळ बसतो, झोपतो, शिकतो, हे चोवीस तासांचे लिहावे. ज्या नावापुढे जागाच लिहिता येत नाही, तेथून दुरुस्तीला आरंभ करावा.