खाट, टेबल आणि खुर्ची

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे आधी शब्दांकडे पाहतो. रिकाम्या जागेत कुणी शिरलं की आपण ‘अतिक्रमण’ म्हणतो आणि विषय संपवतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मात्र या शब्दावर चाळीसेक वर्षं वाद चालला. डच लोक त्याला ‘क्राकेन’ म्हणतात. अर्थ साधा : तडकवणं, फोडणं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं घरांची फार टंचाई होती. तरुण माणसं नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. त्याच शहरात काही इमारती मात्र भाव वाढण्याची वाट पाहत कुलूपबंद उभ्या असत. १९६०च्या दशकात काही जणांनी ही कुलपं काढली आणि ते आत राहायला गेले. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की घराला असलेलं कायद्याचं संरक्षण प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही मिळतं, मग तो मालकाला न विचारता आलेला का असेना. म्हणून आत शिरल्यावर पहिलं काम ठरलेलं : नवं कुलूप लावायचं; खाट, टेबल आणि खुर्ची मांडायची. तेवढ्यानं ते ‘घर’ होई.

पुढं संघर्ष पेटला. मार्च १९८० मध्ये फोंडेलस्ट्राटमधले अडथळे हटवायला रणगाडे आणावे लागले. ३० एप्रिलला राणी बेआट्रिक्स गादीवर आल्या, त्या दिवशी रस्त्यांवर घोषणा होती : घर नाही, तर राज्यारोहण नाही!

या चळवळीनं नुसता दंगा केला नाही. ओव्हरटोम रस्त्यावरची जुनी चित्रपट अकादमी १९९९ मध्ये अशीच ताब्यात घेतली गेली; तिथं कलावंतांचं केंद्र उभं राहिलं आणि २००६ मध्ये त्यांनी ती इमारत रीतसर विकत घेतली.

दुसरी बाजूही खरी आहे. रांगेत निमूट उभं राहणाऱ्याचं काय? मालकाच्या हक्काचं काय? १९९४ मध्ये कायद्यानं मधला मार्ग काढला : जागा वर्षभराच्या आत ताब्यात घेतली तर गुन्हा. १ ऑक्टोबर २०१० पासून मात्र सरसकट बंदी आली.

कुलूप तोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण बंदीनं घरांची टंचाई काही मिटली नाही. बेघरांच्या शहरात घर किती काळ रिकामं ठेवता येतं, हा प्रश्न त्या खाटेनं, टेबलानं आणि खुर्चीनं विचारला होता. उत्तर अजून द्यायचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)