बाजाराचं निमित्त

नेकनूरला आठवडी बाजार भरला की रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. समुपदेशक ताईंनी भेटींसाठी मुद्दाम हाच दिवस धरलेला. एरवी बाई घराबाहेर पडली की "कुठं निघालीस?" होतं. बाजाराला निघालेलीला कोणी विचारत नाही.

खोलीत तीन खुर्च्या, एक माठ, खिडकीला जुन्या साडीचा पडदा. समोरच्या बाईंची परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसलो. त्यांची ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही. ऊसतोडीवरून परतून त्यांना पंधरवडा झाला होता. मांडीवर चार घड्या घातलेली रिकामी पिशवी.

"काय होतंय आक्का?"

"डोकं उठलंय. झोप लागंना गेलीय. खाऊ वाटंना."

नैराश्य हा शब्द दोघींपैकी कोणीच काढला नाही. ताईंनी आधी विचारलं, कंबर कधीपासून दुखते, अंगावरून जातंय का, रक्त कधी तपासलं होतं. हे डॉक्टरचं काम, असं मला वाटून गेलं. पण हा बीड जिल्हा आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. रक्त कमी असल्याने आलेला थकवा मनाच्या खात्यावर लिहिला, तर फसगत दोघींचीही. ताईंनी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली आणि मग वही मिटली.

वही मिटल्यावर बाई बोलायला लागल्या. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, तो दारात येतो, नवरा पितो, सासू म्हणते तुझा पायगुण. ताई मधे फक्त "हं" म्हणत होत्या. बाई थांबल्या की त्याही थांबत. ती शांतता मला जड गेली. दोनदा मीच पाणी प्यायलो.

मग नैराश्य जोखायचे नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, याला शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराचा. इथे ताईंनी पेन खाली ठेवला आणि आडवळण न घेता विचारलं. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट सांगायला वाट मिळते. बाईंनी पिशवीची एक घडी उलगडली. "लेकरांकडं बघून ऱ्हाते." ताईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. घरात फवारणीचं औषध कुठे असतं, रात्री सोबत कोण असतं, सगळं विचारलं. डबा थोरल्या जावेकडे ठेवायचं ठरलं.

एकात्मिक समुपदेशन म्हणतात ते हेच. कार्ल रॉजर्सचं ऐकून घेणं आणि अल्बर्ट एलिसचं विचार तपासणं ताई शिकल्यात. पण कशाची वेळ कधी, हे समोरच्या माणसाकडे बघूनच ठरतं. "माझ्यामुळंच घर बुडालं," असं बाई म्हणाल्या, तेव्हा ताईंनी कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला सासू काय म्हणते, दुसऱ्या बाजूला घडलं काय. दुसऱ्या बाजूला आलं ते असं: पाऊस, दवाखाना, उचल. बाईंचं नाव तिथे कुठेच नव्हतं. त्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या.

उचल मात्र अशा रेघेने फिटत नाही. सरकारने २०१५ साली मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, आशाताईंना घरोघर पाठवलं. ते चांगलंच झालं. पण कर्जाला मनाचा आजार ठरवून मोकळं होण्याचा मोह व्यवस्थेला फार लवकर होतो. ताईंना तो झाला नाही. मुकादमाशी बोलताना कोणाला सोबत न्यायचं, हिशेब कशावर लिहून घ्यायचा, यात शेवटची वीस मिनिटं गेली. रात्री फारच कासावीस झालं तर लावायचा १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर बाईंनी लेकीच्या वहीत लिहून घ्यायचं कबूल केलं.

"पुढच्या बाजाराला या," ताई म्हणाल्या.

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पिशवीकडे बघून एकदम थबकल्या. "आगं बाई, बाजार तर केलाच न्हाई. घरी काय सांगू?" आणि पदर खोचून भाजीच्या ओळीकडे धावत सुटल्या.