हळदीच्या कुकरातील उष्णताशास्त्र

पौष सरला की वसमत-औंढ्याच्या शिवारांत ओल्या हळदीचा जो दर्प दरवळू लागतो, त्याच्या उगमाशी, म्हणजे हळद शिजवण्याच्या कुकरापाशी, घटकाभर उभे राहणाऱ्यास उष्णतासंक्रमणाचा एक बिकट प्रश्न वाफेआड दडलेला दिसेल. टाकीत ठासून भरलेली हळकुंडे आणि त्यांच्यामधल्या वेड्यावाकड्या फटी मिळून जे होते, तेच शास्त्रज्ञांचे सच्छिद्र माध्यम. वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा वेग मोजून फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी याने १८५६ साली ज्याचा पहिला नियम बसविला, ते हेच.

जुन्या काहिलीत या फटींतून उष्णता वाहण्याचे काम उकळते पाणी करी. कुकरात ते वाफ करते, आणि थंड सालीला भिडून पुन्हा पाणी होताना ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी टाकून जाते. पाणी एक अंश निवताना जेमतेम एक कॅलरी देते. शिवाय द्रव उष्णतेचा वाहकही दरिद्रीच; द्रवाचेच हे दारिद्र्य हटवावे, या हेतूने अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी १९९५ साली, मीटरच्या अब्जांशात मोजावयाचे धातुकण द्रवात तरंगत ठेवण्याची कल्पना मांडून त्यास ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिले. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे साडेसहाशे पट. तेव्हा आशा गैरवाजवी नव्हती. प्रारंभीचे काही आकडे तर असे, की मिश्रणाच्या वाहकतेचे मॅक्सवेलचे १८७३ चे गणित रद्दबातल झालेसे वाटावे. परंतु २००९ साली तिसांहून अधिक संस्थांनी तेच ते नमुने वाटून घेऊन मोजले, तेव्हा जुनाच हिशेब कायम राहिला: आकारमानाने शेकडा एक कण, तर वाहकतेत शेकडा तीनच्या आसपास वाढ. वर द्रव दाट होतो, पंपाचा खर्च चढतो आणि बारीक छिद्रांत कण साचले तर वाटच तुंबते.

ही आतबट्ट्याची जमाखर्चवही धातूच्या फेसासारख्या माध्यमात कधीकधी जुळते, कारण तेथे घन भाग उत्तम वाहक असून अडसर द्रवाचा असतो. हळदीत (तिच्यात तांबे कालवण्याचा सल्ला कोणी देणार नाही, हे उघडच) अडसर नेमका उलट, हळकुंडाच्या गराचा आहे; बाहेर कितीही सधन वाफ असो, गाभ्यापर्यंत उष्णता आपल्याच चालीने पोचते, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ सुमारे चौपट लागतो. जाणता शेतकरी गड्डे आणि हळकुंडे वेगळी शिजवतो, आणि काडी टोचून पाहिल्याखेरीज टाकी उतरवत नाही.