न दिसणारा कण आणि त्याची वाट

मागच्या वेळी आपण अनुमानापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण चुलीपाशी दोन्ही एकत्र पाहिलेले असतात. नैयायिक याला व्याप्ती म्हणतात. आता अडचण बघा. इलेक्ट्रॉन तर कुणी कधीच पाहिलेला नाही. मग नुसत्या खुणेवरून तो आहे, हे कशाच्या बळावर म्हणायचं?

खूण कशी मिळते ते आधी पाहू. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसवरचे ढग पाहून चार्ल्स विल्सन यांना प्रयोगशाळेत ढग करावेसे वाटले. त्यातून क्लाउड चेंबर आलं. १९११ साली त्यात कणांच्या वाटा दिसल्या. काचेच्या पेटीतली दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती गार होते. वाफेला थेंब व्हायचं असतं, पण जमायला काही आधार लागतो. विद्युतभारित कण जाता जाता वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो. मागे उरलेल्या आयनांवर थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते. म्हणजे आपल्याला दिसतं ते पाणी!

आता १९३२. कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांनी अशी पेटी चुंबकीय क्षेत्रात ठेवली होती. क्षेत्रात भारित कणाची वाट वळते. पण वर जाणारा धन कण आणि खाली येणारा ऋण कण एकाच बाजूला वळतात. दिशा कळायची कशी? त्यांनी पेटीत शिशाची ६ मिलिमीटर जाडीची पट्टी आडवी बसवली होती. शिशातून जाताना ऊर्जा घटते, वळण वाढतं. फोटोत पट्टीच्या वर वळण जास्त होतं, म्हणजे कण खालून वर गेला. म्हणजे तो धन. मग प्रोटॉन का नाही? एवढं वळणारा प्रोटॉन ५ मिलिमीटरमध्येच थांबला असता. ही रेघ ५ सेंटिमीटरहून लांब होती. उरला इलेक्ट्रॉनएवढाच हलका, पण धन कण. पॉझिट्रॉन.

इथे व्याप्ती कुठे आहे? आमच्या मते हे वात्स्यायन सांगतात ते शेषवत् अनुमान आहे: शक्यता एकेक वगळायच्या आणि उरेल ते स्वीकारायचं. (धूर-अग्नीच्या उदाहरणाने अनुमान शिकवताना आम्ही याकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला, हे कबूल करायला हवं.) पण मग सगळ्या शक्यता मोजल्या, याची हमी कोण देणार? एका फोटोला ती देता येत नाही. १९३३ मध्ये केंब्रिजला ब्लॅकेट आणि ओकिआलिनी यांना आणखी तशा वाटा सापडल्या, तेव्हा शंका घेणाऱ्यांची बाजू लंगडी पडली.