भाताची मूद, वरणाच्या दोन वाट्या
लेखमाला : वजन उतरवताना • लेखांक ५

मागच्या लेखांकात भूक आणि खाण्याची ओढ यांतला फरक पाहिला. या वेळी त्या ओढीचंच काय करायचं ते पाहू. वजन कमी करायचं ठरलं की पुष्कळ जण आधी आवडीचे पदार्थ बंद करतात आणि थोड्याच दिवसांत त्याच पदार्थांवर आडवा हात मारतात. आवडीचं खाणं ताटातून हद्दपार करण्याची खरं तर गरज नसते. त्यातलं सुख कशात आहे आणि कॅलरी कशात आहेत, हे वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे. बऱ्याच पदार्थांत या दोन गोष्टी एका जागी नसतात.

मुळशी तालुक्याचं ताट घ्या. पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूला भातखाचरं, पूर्वेला हिंजवडीचं आयटी पार्क. दोन्हीकडे आवडीचा भात म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेलं, आंबेमोहराच्या संकरातून तयार झालेलं हे वाण. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्याला ताटभर भात लागतोच, आणि तो अंगी लागत नाही. त्याच घरातली पुढची पिढी आठ-नऊ तास खुर्चीत बसते. काम बदललं, पण वाढण्याचं माप तेच राहिलं.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी असतात. म्हणजे भरलेल्या तीन वाट्या भात, त्यावर अर्धी वाटी वरण आणि दोन चमचे तूप हे ताट सव्वापाचशे कॅलरींच्या घरात जातं. आता प्रमाण उलटं करा. वाटीने एकच मूद पाडा, वरण घट्टसर करून दोन वाट्या घ्या आणि वर चमचाभर साजूक तूप, लिंबू, मीठ. हे ताट साडेतीनशेच्या आत बसतं. दोन वाट्या वरणात सुमारे ५० ग्रॅम तूरडाळ गेली, तर त्यातून दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. तुपाचा वास, वरणाचा मऊपणा, लिंबाची चव यांतलं काहीच गेलेलं नसतं. गेलेला असतो तो फक्त जादा भात.

खाण्याच्या क्रमाचाही फायदा होतो. चिकट भातात अमायलोज या प्रकारचं पिष्ट कमी असतं, त्यामुळे तो लवकर पचतो आणि रक्तातली साखर झपाट्याने चढते. आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन मग भात घेतला, तर ही चढण कमी होते. भात काढल्यावर खाचरातल्या ओलीवर घेतला जाणारा हरभरा, मसूर, वाल हे या ताटाचे हक्काचे सोबती आहेत.

आता पावसाळ्यातली भजी. ताम्हिणीत पाऊस कोसळत असताना कांदाभजी नको म्हणणं कुणालाच जमत नाही. भज्यांचं सुख असतं ते गरम, कुरकुरीत, तिखट घासात. कॅलरी येतात त्या मुख्यतः तेलातून. एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. घरी एकदा असं करून पाहा : तळणीआधी तेल मोजून कढईत घाला आणि सगळी भजी झाल्यावर गार झालेलं तेल पुन्हा मोजा. जे कमी भरेल, ते जवळजवळ सगळं पोटात गेलं. कांद्याच्या पातळ कापांची खेकडा भजी सर्वांत जास्त तेल पितात, कारण तेलाला चिकटायला त्यांना पृष्ठभाग जास्त असतो.

यावरचा उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. अळूवडी, कोथिंबीरवडी आधी वाफवायची, गार झाल्यावर काप करून तव्यावर दोन चमचे तेलात खरपूस परतायची. पीठ वाफेवर शिजलेलंच असतं, तेलाचं काम फक्त वरचा पापुद्रा कुरकुरीत करण्याचं. कांदाभजीचंच पीठ आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात दोन-तीन थेंब तेल सोडून भाजता येतं. चव अगदी तळलेल्या भज्यांची येणार नाही. पण चहाबरोबर मन भरतं, आणि ते रोज केलं तरी चालतं. तळलेली भजी महिन्यातून एकदा, मनापासून, मोजून खावीत.

मिसळीतही हेच. मटकीची उसळ आणि झणझणीत कट हा तिचा जीव. फरसाण मूठभर ऐवजी चिमूटभर, वरची तर्री बाजूला, दोन पावांऐवजी एक, आणि कांदा-लिंबू हवं तेवढं.

काही पर्याय मात्र फसवे असतात. गूळ आणि साखर यांच्या कॅलरींत फारसा फरक नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या वर, पण कॅलरी तांदळाच्या जवळपासच. तेव्हा भाकरी एकाऐवजी तीन खाल्ल्या तर वजन उतरणार नाही. आणि नाचणीच्या बिस्किटांत मैदा, साखर, तूप किती हे पाकिटावर वाचूनच ती घ्यावीत. चहाचं तर सोपं गणित आहे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं.

‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, सहकाऱ्याच्या ९.१ टक्के. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही पोटाभोवती चरबी साठवतं. म्हणून आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर, स्त्रियांचा ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हायला सांगतात.

मधुमेहाची औषधं चालू असतील, तर भाताचं प्रमाण एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर नको इतकी उतरू शकते. गरोदरपणात वजन उतरवण्याचे प्रयोग करूच नयेत.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या सर्वांत आवडत्या पदार्थाची कृती कागदावर लिहा. ज्याच्याशिवाय त्याची चव जाईल, त्या घटकाखाली रेघ ओढा. रेघ नसलेल्यांपैकी सर्वांत जास्त कॅलरींचा एक घटक निवडा आणि तो निम्मा करून तो पदार्थ घरच्या सगळ्यांना वाढा.

(पुढील लेखांक : उपवासाचं खाणं, साबुदाणा आणि वरई)